बॅटरीघरातला कानोसा

होड्या वर ओढून शाकारल्या, की मुरवणे बंदरातली माणसं निवांत होत. जाळी दुरुस्त करायची, घराच्या कौलांकडे बघायचं, राहिलेल्या सोयरिकींची बोलणी पुढे न्यायची. सुगंधा चोगलेचं मात्र नेमकं उलटं होतं. मासेमारीची बंदी लागली, की तिच्या कामाचा हंगाम सुरू होई.

डिझेलचे दिवस जाऊन आता बरीच वर्षं लोटली होती. प्रत्येक होडीच्या टपावर सौर पॅनेल आणि पोटात लिथियमचा बॅटरीसंच, असाच सगळ्या किनाऱ्याचा कारभार झाला होता. पण पावसाळ्यात हे संच होडीत ठेवून भागत नसे. ताडपत्रीखाली ओल धरते, खारी हवा तारांना खाते, आणि दोन महिने कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून मच्छीमार सोसायटीने बंदराच्या वरच्या अंगाला, कातळावर, जाड भिंतींचं एक बॅटरीघर बांधलं होतं. बंदी लागली की सगळ्या होड्यांचे संच तिथे येत आणि सुगंधाच्या ताब्यात जात.

तिच्या शिस्तीचा बंदराला धाक होता. संच पूर्ण भरून आणायचा नाही. भरलेला संच नुसता पडून राहिला तरी आतून म्हातारा होतो. रिकामा तर अजिबात आणायचा नाही, कारण संचातलं छोटं नियंत्रक यंत्र झोपेतही थोडी वीज खात राहतं, आणि रिकाम्या संचातून आणखी वीज गेली तर तो पुन्हा उठत नाही. निम्म्याच्या आसपास भरलेला, तारा सोडवलेला, पुसून कोरडा केलेला संच ती फळीवर हातभर अंतर राखून ठेवी. ओल शोषणारी यंत्रं चोवीस तास घुमत असत. आठवड्यातून एकदा ती प्रत्येकाचा व्होल्टेज बघे, हात लावून ऊब बघे, कुणी खाली उतरला असेल तर त्याला जरा वीज पाजे.

एवढं करूनही काळजी मिटत नसे. काही वर्षांपूर्वी वरच्या बाजूच्या एका बंदरात असंच एक बॅटरीघर जळून खाक झालं होतं. आदल्या दिवशी तिथले सगळे आकडे ठीक होते. व्होल्टेज आणि ऊब या गोष्टी बॅटरीचं दुखणं सांगतात खऱ्या, पण फार उशिरा सांगतात. तोवर आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

त्या आगीनंतर पुण्याच्या एका प्रयोगशाळेने नवं यंत्र तयार केलं. दिसायला इस्त्रीएवढं. ते बॅटरीच्या अंगाला टेकवलं, की माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज आत सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतं. धडधाकट बॅटरीत आवाज सरळ जाऊन सरळ परततो. आत वायूचा बुडबुडा धरला असेल, थर फुगला असेल, तर तो अडखळतो. त्या अडखळण्यावरून यंत्र पुढचं भाकीत करी: हिरवा रंग म्हणजे बरी, नारिंगी म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे येत्या काही दिवसांत आतल्या आत पेट घेण्याची दाट शक्यता. यंत्राला लांबलचक शास्त्रीय नाव होतं. सुगंधाने पहिल्याच दिवशी त्याला 'कानोसा' म्हटलं आणि ते प्रयोगशाळेतल्या डॉक्टर मिथिला आगाशेंना इतकं आवडलं, की पुढे पुण्यातही तेच नाव रुळलं.

त्या वर्षी आषाढ अर्धा सरला होता. सुगंधा नेहमीसारखी फळीवरून फळीवर सरकत 'भगवतीप्रसाद' होडीच्या संचापाशी आली. संच बारा डब्यांचा. पहिले सात हिरवे आले. पुढचे चार नारिंगी. शेवटच्यावर तिने कानोसा टेकवला आणि पडदा लाल झाला.

तिने यंत्र पुसलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. हात लावला तर डबा गार. व्होल्टेज शेजारच्यांइतकाच. बाहेरून बघणाऱ्याला त्या डब्यात आणि इतरांत काडीचा फरक दिसला नसता.

'भगवतीप्रसाद' तिच्या धाकट्या भावाची, हेमनाथची होडी होती.

सोसायटीचा नियम स्पष्ट होता. एक डबा लाल निघाला तरी सगळा संच मागच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवायचा. पाण्यात बॅटरी मरते, पण गावाला घेऊन मरत नाही. नवा संच मागणी नोंदवल्यावर क्रमाने मिळे, आणि तो क्रम यायला शिमगा उजाडला असता. म्हणजे हेमनाथचा आख्खा हंगाम किनाऱ्यावर गेला असता, आणि त्याच्याबरोबर त्याच्या होडीवर जाणाऱ्या खलाशांचाही.

सुगंधाने तो लाल डबा सोडवून आधी बाहेर, टाकीशेजारच्या वाळूच्या हौदात नेऊन ठेवला. मग पुण्याला फोन लावला.

मिथिला आगाशेंनी प्रतिध्वनीचे आलेख मागवून घेतले आणि एकेक करून तपासले. नंतर त्यांनी सांगितलं ते सुगंधाच्या कल्पनेपलीकडचं होतं. बॅटरीच्या आत लिथियमचे कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात आणि तिथल्या थरांमध्ये शिरून बसतात. सावकाश भरलं तर प्रत्येकाला जागा मिळते. घाईने, जोराने भरलं तर दारातच गर्दी होते. आत न शिरलेले कण पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात आणि त्याचे केसांसारखे बारीक तंतू वाढतात. असा एखादा तंतू मधला पडदा भेदून पलीकडे पोचला, की आग. 'भगवतीप्रसाद'च्या संचात असे तंतू होते.

"हे तुमच्याकडे ठेवल्यावर झालेलं नाही, सुगंधाताई," त्या म्हणाल्या. "हा संच एकदा पार तळाला गेलाय. आणि निवायलाही वेळ न देता, तसाच तापलेला असताना, मिळेल तेवढ्या जोराने भरलाय. बहुतेक हंगामाच्या शेवटी. चालवणाऱ्याला कसली तरी फार घाई होती."

फोन ठेवून सुगंधा मागचे दिवस आठवू लागली. हंगामाच्या शेवटी एक वादळ येऊन गेलं होतं. इशारा लागल्यावर मुरवण्याच्या सगळ्या होड्या परतल्या, एक हेमनाथची सोडून. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पलीकडच्या खाडीत आडोशाला थांबतोय, असं त्याने आदल्या दिवशीच वायरलेसवर कळवलं होतं, आणि आल्यावर रात्रभर झोप काढली म्हणून सांगितलं होतं. खाडीत झोपलेल्या माणसाची बॅटरी तळाला जात नाही.

तिने त्याला बोलावून घेतलं. हेमनाथ आला तो डोक्यावरची टोपी झटकत, हसत. तिने आधी लाल डब्याचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मग तिने मिथिला आगाशे काय म्हणाल्या ते सांगितलं. हेमनाथने खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

खाडीपलीकडच्या अश्फाक वस्ताची होडी मोटार बंद पडून वादळात सापडली होती. वायरलेसवर त्याची हाक हेमनाथने ऐकली तेव्हा तो जवळजवळ बंदरापाशी आला होता. तो परत फिरला. दोर टाकून अश्फाकची होडी ओढत त्याने खाडीचं तोंड गाठलं, तेव्हा संचात काही उरलं नव्हतं. आणि पलीकडच्या धक्क्याला लागल्यावर कळलं, की दोर बांधताना अंधारात अश्फाकचा एक खलाशी पाण्यात गेला होता आणि मागेच राहिला होता. धक्क्यावरच्या मोठ्या चार्जरला संच लावून, यंत्र थांब थांब म्हणत असताना त्याने भरून घेतला आणि पुन्हा बाहेर पडला. पहाटे तो खलाशी सापडला, जाळ्याच्या तरंगत्या बोयऱ्याला धरून. जिवंत. मग हेमनाथने अश्फाकला आणि आपल्या खलाशांना बजावलं होतं, की हे मुरवण्यात कुणाला कळता कामा नये.

कुणाला म्हणजे कुणाला, ते सुगंधाला विचारावं लागलं नाही. त्यांचे वडील, आबा, अशाच एका वादळात दुसऱ्याची होडी ओढून आणायला परत फिरले होते. दोन्ही होड्या आल्या नाहीत. हेमनाथने पहिल्यांदा स्वतःची होडी पाण्यात घातली त्या दिवशी सुगंधाने त्याला आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावून वदवून घेतलं होतं, की इशारा लागल्यावर तो कधीही, कुणासाठीही परत फिरणार नाही.

ती बॅटरीघराच्या पायरीवर जाऊन बसली. तो समोर धडधाकट उभा होता. वादळाच्या रात्री ती जेवली होती, शेजारणीशी गप्पा मारल्या होत्या, स्वस्थ झोपली होती. त्या रात्रीची सगळी भीती आता, एवढ्या आठवड्यांनी, एकदम अंगावर आली.

"आबाही असेच फिरले होते," ती म्हणाली.

हेमनाथ तिच्या शेजारी बसला. "माहीत होतं, बाय. म्हणूनच फिरलो. आबांना ओढायला त्या दिवशी कुणी आलं नव्हतं."

मग हेमनाथने उठून विचारलं, संच कधी बुडवायचा. त्याची तयारी झालेली होती, आणि तेच तिला सहन झालं नाही.

तिने पुन्हा पुण्याला फोन केला. दुसरा काही उपाय आहे का, एवढंच विचारलं. मिथिला आगाशे आधी नाही म्हणाल्या, आणि मग भीतभीतच बोलल्या. प्रयोगशाळेत त्या एक गोष्ट करून बघत होत्या. आजारी बॅटरी अगदी हळूहळू रिकामी करायची आणि रिकाम्या अवस्थेतच, तारा सोडवून, काही दिवस पडू द्यायची. सावकाश रिकामी करताना साचलेला धातू पुन्हा कण होऊन आपल्या जागी परततो. मागे उरलेल्या तुकड्यांभोवती जी मेलेली साय धरलेली असते, ती विश्रांतीत विरघळते आणि ते तुकडेही पुन्हा कामाला लागतात. प्रयोगशाळेत दहातल्या आठ बॅटऱ्या अशा सुधारल्या होत्या. पण एवढ्या मोठ्या संचावर आणि प्रयोगशाळेबाहेर हे कुणी केलेलं नव्हतं. रिकामी होता होताच एखादा डबा पेटू शकला असता.

सुगंधाला हे पचायला जड गेलं. संच रिकामा ठेवायचा नाही, हे ती इतकी वर्षं सगळ्यांना दरडावून सांगत आली होती. मिथिला आगाशे म्हणाल्या, ते बरोबरच आहे, निरोगी बॅटरीला तोच नियम. आजाऱ्याचं पथ्य वेगळं.

प्रश्न सोसायटीचा होता. चेअरमन पद्माकर तांडेल, ज्यांना सगळे पदूदादा म्हणत, शांत पण नियमाला पक्के. सुगंधाने त्यांना काहीही न लपवता सांगितलं: संच भावाचा आहे, डबा लाल आहे, नियमाने बुडवायला हवा, आणि तरी मला प्रयत्न करायचाय.

पदूदादांनी विचारलं, "दुसऱ्या कुणाचा संच असता तर विचारायला आली असतीस?"

"आले असते," ती म्हणाली. "पण तेव्हा मान वर करून विचारलं असतं."

म्हाताऱ्याला ते उत्तर पटलं असावं. त्यांनी दोन अटी घातल्या. काम बॅटरीघरात नाही, वस्तीपासून लांबच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात करायचं. आणि डबा ठरलेल्या मर्यादेच्या वर तापला, तर चर्चा न करता पाण्यात.

बर्फाचा कारखाना बंद पडून जमाना झाला होता, पण त्याच्या भिंती शाबूत होत्या आणि बर्फ पाडायची मोठी टाकीही. हेमनाथने आणि त्याच्या खलाशांनी टाकीत खारं पाणी भरलं. डबे एकेक करून, धक्का न लावता, हातांवर तोलत नेले. प्रत्येक डब्याच्या चारी बाजूंना वाळूचे बांध घातले. लाल डबा टाकीला सर्वांत जवळ ठेवला. मग प्रत्येक डब्याला एकेक लहान दिवा जोडला. वीज कुठेतरी जायला तर हवी. त्या पडक्या कारखान्यात भर दिवसा बारा दिवे मिणमिणत राहिले आणि वर पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

पाळ्या लावल्या होत्या, पण हेमनाथ आपली पाळी संपली तरी जात नसे. दोघांनी इतके तास एकत्र काढून कितीतरी वर्षं झाली होती. सुरुवातीला ती त्याच्याशी तुटकच बोले. मग एका दुपारी तिने त्याला त्या रात्रीबद्दल विचारलं, आणि एकदा विचारल्यावर तिला सगळंच ऐकायचं होतं. लाटा केवढ्या होत्या, दोर कसा टाकला, भीती वाटली का. हेमनाथने सांगितलं, की वाटली, आणि सगळ्यात जास्त वाटली ती दुसऱ्यांदा बाहेर पडताना. तो बोलत असताना ती कानोसा हातात घेऊन एकेक डबा तपासत होती. नारिंगी तसेच नारिंगी होते. लाल तसाच लाल.

दिवे मंदावत जाऊन बहुतेक विझायला आले, त्या दुपारी लाल डब्याजवळून एक गोडसर वास आला, पिकून उतरलेल्या फळासारखा. सुगंधाला तो वास माहीत होता. डब्याची झडप उघडून आतलं द्रावण वाफ होऊन बाहेर येऊ लागलं होतं. उष्णतेचा आकडा बघता बघता चढला.

हेमनाथने कोपऱ्यातला लांब बांबू उचलला. त्याला पुढे आकडा बांधून ठेवलेला होता. तो डब्याकडे निघाला तेव्हा तिच्या तोंडून त्याला मागे बोलावणारा शब्द अगदी ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला आणि धावत जाऊन टाकीचं झाकण उचलून धरलं.

"श्वास रोख. वाऱ्याच्या बाजूने ये," एवढंच ती म्हणाली.

हेमनाथने आकडा अडकवला, डबा वाळूवरून ओढत टाकीच्या काठाशी आणला आणि ढकलला. पाणी खदखदलं, पांढऱ्या वाफेचा लोट छपरापर्यंत गेला, आतून एक दबका धमाका ऐकू आला. दोघं बाहेर पळाली आणि पावसात उभी राहिली. बऱ्याच वेळाने पाण्याचं उकळणं बसलं. आत जाऊन तिने सगळ्यात आधी उरलेल्या अकरा डब्यांना हात लावून बघितला. गार होते. वाळूने आपलं काम केलं होतं.

तो डबा बॅटरीघरातल्या फळीवर असता तर काय झालं असतं, हे पदूदादांना संध्याकाळी कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ते टाकीत डोकावले, काळवंडलेल्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, बाकीच्यांचं चालू ठेवा.

पुढचे दिवस नुसते वाट बघण्याचे होते. डबे रिकामे झाले, दिवे काढून टाकले, तारा सोडवल्या. आता करण्यासारखं काही नव्हतं. सकाळ-संध्याकाळ कानोसा घ्यायचा, बस. काही दिवस काहीच बदललं नाही. मग एका सकाळी चार नारिंगींपैकी एक हिरवट झळकला. सुगंधाचा विश्वास बसेना. तिने कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी तो पक्का हिरवा होता आणि त्याच्या शेजारचाही बदलू लागला होता. शेवटचा नारिंगी डबा फार चिवट निघाला. तो हिरवा झाला तेव्हा श्रावण लागला होता. पुण्याहून मिथिला आगाशेंचा आवाज इतका आनंदाने चिरकत होता, की काय म्हणतात ते नीट कळेना. किनाऱ्यावरच्या सगळ्या बॅटरीघरांना हे शिकवायचं, एवढं समजलं.

मग तिने अकरा डबे अगदी सावकाश, थोडी थोडी वीज देत, निम्म्यापर्यंत आणले. पुन्हा कानोसा घेतला. अकराही हिरवे. ती वाळूच्या बांधावरच बसली आणि तिला रडू आलं. हेमनाथ गोंधळून बघत राहिला. तिने हाताने त्याला काही नाही, काही नाही असं सांगितलं, कारण खरोखरच काही नव्हतं; सगळं नीट झालं होतं.

हेमनाथ संच नेणार होता, त्याच्या आदल्या दिवशी अश्फाक वस्ता आला. बातमी खाडीपलीकडे पोचली होती. हेमनाथला द्यायला आपल्या संचातला एक डबा काढून तो सोबत घेऊनच आला होता. सुगंधाने कानोसा लावून बघितलं आणि नाही म्हटलं. तो डबा जुना होता. जुना आणि नवा एका संचात बांधला की जुन्याच्या ओझ्याखाली नवाही दमतो. एक डबा कमी असला तरी होडी चालणार होती, फक्त जरा आधी परतावं लागणार होतं. अश्फाक ओशाळला. तिने त्याला आणि हेमनाथला चहा दिला आणि वादळातून वाचलेल्या त्या खलाशाची चौकशी केली. तो बरा होता, सध्या घराला आतून रंग देत होता.

"ताई, तुमच्यापासून लपवलं," अश्फाक म्हणाला, "ते मला पटलं नव्हतं."

"मलाही नाही पटलं," ती म्हणाली, आणि तिघंही हसली.

तो गेल्यावर तिने हेमनाथला थांबवलं. हे बोलायचं तिने बरेच दिवस मनात घोळवलं होतं. शेवटी ती म्हणाली, "ती शपथ आता धरू नकोस. फिरायची वेळ आली तर फिर. पण आधी मला वायरलेसवर सांग. मला जागं राहू दे."

हेमनाथ म्हणाला, "सांगेन." नंतर दारातून मागे वळून पुन्हा म्हणाला, "खरंच सांगेन, बाय."

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला आणि बंदर उघडलं. पहाटेपासून बॅटरीघराच्या दाराशी रांग होती. सुगंधाने प्रत्येक संचावर शेवटचा कानोसा घेतला, तारा जोडून दिल्या, सावकाश भरा म्हणून प्रत्येकाला बजावलं. ऊन वर आलं तेव्हा शेवटचा संच उतारावरून खाली गेला. खालून होड्या पाण्यात ढकलणाऱ्या माणसांचे आवाज आले, मग तेही लांब गेले.

तिने ओल शोषणारी यंत्रं बंद केली. इतके दिवस सतत घुमणारा आवाज थांबला आणि एकदम शांत झालं. फळ्या रिकाम्या होत्या. राखायला आत काहीही उरलं नव्हतं. तिने दाराजवळ, वारा येतो तिथे चटई टाकली, उशाला हात घेतला आणि पडल्या पडल्या झोपली.

दुपारी पदूदादा काहीतरी विचारायला वर आले. दारातून त्यांनी तिला पाहिलं, ते जरा थांबले, आणि चपला हातात घेऊन आल्या पावली खाली उतरले.